फिल्टरातली दुसरी रिंग

कॅम्प-१, भिलाई
ता. ९ जून

तीर्थरूप गयाबाईच्या पायावर देवीदासचं डोकं. घरातल्या लहानमोठ्या सगळ्यायले जय भीम.

बाई, डोळ्याचं काय झालं? मोतीबिंदू काढला, की डॉक्टर अजून तो पिकायचीच वाट पाहून राहिला? तोवर पायल हे पत्र तुमाले वाचून दाखवत असंन, असं धरून लिहून राहिलो. (पायल बेटा, हळू वाच. मागं सुगतच्या लग्नाची पत्रिका वाचली तेव्हा तू लग्नाची वेळ आणि जेवणाची वेळ एकाच दमात उडवली होती, आणि आजी दोन्हीले उशिरा पोचली.) इकडची तब्येत विचाराल, तर रुक्माचे गुडघे जिन्यावर बोलतात आणि सपाटीवर गप राहतात. मी ठीक आहे. जेवण जाते. झोपेचं विचारू नका.

तुमी फोनवर विचारलं की देवीदास, नेमकं झालं काय ते सांग, आणि मी म्हणलं नेटवर्क जाऊन राहिलं. नेटवर्क कुठंच गेलं नव्हतं. मी गच्चीवर उभा होतो आणि मोबाइलवर सगळे डंडे दिसत होते. पण ते फोनवर सांगायसारखं नाही. लोकायनं तुमाले सांगितलं असंन की फकिरा वावरात गेला, हार्ट अटॅक आला. एवढं तर पेपरातल्या निधनवार्तेतही मावते. तुमी त्याची मोठी बहीण, तुमच्या कडेवर तो वाढला, तुमाले सुरुवातीपासून पाहिजे. आणि सुरुवात म्हणजे ट्रॅक्टरचा डिझेल फिल्टर. मधात कुठं हसू आलं तर हसून घ्या. फकिराही हसला होता.

तुमाले माहीतच आहे, रिटायर झाल्यावर मी आणि फकिरानं मिळून भिलाई-३ च्या पुढं, नहराच्या पलीकडे, अडीच एकर वावर भाजीपाल्यासाठी घेतलं आणि सोबत एक छोटा ट्रॅक्टर घेतला, चोवीस एचपीचा. एवढासा, की बाजूच्या वावरातली सुनिताबाई (छत्तीसगढी बाई आहे, जिभेची तिखट, हाताची मायाळू) पहिल्या दिवशी त्याच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाली, "एखर दाई कहाँ हे?" म्हणजे, याची आई कुठं आहे. फकिराचं आयुष्य रेल्वेच्या डिझेल शेडात गेलं. इंजिनाचा आवाज ऐकून तो सांगे की याले कुठं दुखून राहिलं. मी प्लांटच्या स्टोअरात होतो. स्टोअरवाल्याले माल माहीत असते बाई, काम माहीत नसते. मले हजारेक नटबोल्टायचे नंबर आजही तोंडपाठ आहेत, पण नट कोणत्या बाजूनं फिरते हे विचारायची पाळी चौतीस वर्षांत माझ्यावर आली नाही. तरी एवढी वर्षं लोखंडाजवळ बसल्यावर माणसाले वाटायले लागते की लोखंडही आपल्याले ओळखते.

तर मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ट्रॅक्टरखालची माती ओली दिसली. टाकीतलं डिझेल इंजिनात जाते, त्या वाटेवर कचरा अडवायले एक डबी असते, चहाच्या गाळणीसारखी. तोच फिल्टर. तिथून थेंब थेंब गळून राहिलं होतं. फकिरा त्या आठवड्यात घरीच होता, अंगात कसर आहे म्हणे. मी ठरवलं की हे काम आपणच करून त्याले दाखवायचं. पहिल्या दिवशी कपड्याचा साबण थापला. दुपारच्या उन्हानं साबण नरमला आणि माझ्या डोळ्यांसमोर घसरत खाली मातीत गेला. दुसऱ्या दिवशी सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून बांधली. डिझेल पट्टीच्या आतून चालत गेलं आणि दुसऱ्या टोकानं टपकायले लागलं. म्हणजे गळती मी बंद नाही केली, तिची फक्त बदली केली. घरी आलो की रुक्मा मले दारातच उभं करे, कपडे अंगणात काढायले लावे, आणि ताट ओट्यावर आणून देई. (ती म्हणे, तुमच्यापाशी कोणी माचिस पेटवली तर मले पेन्शन चालू होईल. असं बोलते ती.)

त्याच संध्याकाळी दुर्गले जाऊन नवीन फिल्टर आणला. दुकानदारानं विचारलं, मिस्त्री कोण आहे? मी म्हणलं, मीच. त्यानं माझ्या इस्त्रीच्या पँटीकडे पाहिलं, रबराची नवीन रिंग वेगळ्या पुडीत बांधून दिली आणि दोनदा सांगितलं की आधी जुनी रिंग काढा. मी दोनदा मान हलवली. तिसऱ्या दिवशी सकाळीच वावरात येऊन जुना फिल्टर खोलला. जुनी रिंग वरच्या बाजूनं चिकटून बसली होती, मळानं लोखंडासारखीच काळी. मले वाटलं, ती आधीच पडली. तिच्यावरच नवीन रिंग बसवली, आणि पाइप पान्यानं, अंगाचा भार टाकून, असा फिल्टर कसला की पान्याचे दात त्यावर उमटले. मग ट्रॅक्टर चालू केला. एक विडी ओढून होते तेवढा वेळ तो चालला, खोकलला आणि बंद पडला. खाली पाहिलं तर पहिले थेंब होता, आता धार होती. डिझेल बाहेर आणि त्याच्या जागी हवा आत. हवा घेतलेलं डिझेल इंजिन, बाई, चालू होतच नाही. तुमी कितीही चावी फिरवा.

तेव्हा मी फकिराले फोन केला, आणि तो आला.

वावरापर्यंत पक्की सडक नाही. त्यानं सडकेवर स्कूटर लावली आणि बांधाबांधानं दीड किलोमीटर चालत आला, डोक्यावर दुपट्टा, खांद्यावर त्याची ती शेडातली कॅनव्हासची थैली. बारा वाजून गेले होते. ऊन असं होतं की टमाटराच्या काड्या हात लावला तर मोडत. आल्या आल्या त्यानं पाणी मागितलं, पाइप पान्याचे दात पाहिले आणि फिल्टर खोलला. त्यातून दोन रिंगा निघाल्या, एकीले एक चिकटलेल्या. त्यानं त्या बोटावर घातल्या आणि माझ्यापुढं धरल्या.

"देवीदास, याचं दुसरं लगन लावून राहिला का बे?"

आणि हसायले लागला. तुमाले त्याचं हसणं माहीत आहे, आवाज नाही, फक्त खांदे हलतात. डोळ्यांतून पाणी आलं. हसता हसता तो चाकाले टेकून खाली बसला आणि छातीवर हात धरला. मी समजलो, हसून हसून. मीही हसलो. बाई, मी चांगला दोन मिनिटं हसलो असंन.

मग तो उठला आणि काम केलं. जागा पुसली, एकच रिंग डिझेलात बुडवून बसवली, फिल्टर नुसत्या हातानं कसला. पाइप पाना त्यानं माझ्याकडे सरकवला आणि म्हणे, हा नाली दुरुस्त करायले ठेव. आता लाइनीतली हवा काढायची राहिली होती. फिल्टरच्या डोक्यावर एक छोटा बोल्ट असते, तो ढिला करायचा आणि बाजूच्या पंपाची दांडी अंगठ्यानं दाबत राहायची. आधी फेस येते, मग बुडबुडे, आणि साफ धार आली की बोल्ट कसायचा. त्यानं बोल्ट ढिला केला. दहा-बारा वेळा दांडी दाबली. मग थांबला, म्हणे थांब जरा, आणि ट्रॉलीच्या सावलीत आडवा झाला. तोंड राखेसारखं झालं होतं. एवढ्या कोरड्या हवेत त्याच्या कपाळावरून घाम गळून राहिला होता. डावा हात त्यानं उजव्या हातानं धरून ठेवला होता, जसा दुसऱ्याचा हात धरावा तसा.

१०८ ले फोन लावला. त्यायनं पत्ता नीट घेतला आणि सांगितलं की गाडी पक्क्या सडकेपर्यंत येईल, बांधावर नाही येऊ शकत. बरोबरच होतं त्यायचं, त्या वाटेवर ट्रॅक्टरशिवाय काही चालत नाही. आणि ट्रॅक्टरात हवा भरली होती, माझ्या हातानं. मी ओरडलो असंन, कावून की सुनिताबाई तिच्या वावरातून धावत आली. बाकी सगळे मजूर दुपारचे घरी गेलेले. आमी दोघं मिळून फकिराले दीड किलोमीटर उचलून नेऊ शकत नव्हतो, वीस पावलं करून पाहिलं. ती म्हणाली, "मिस्त्री ला बला न भैया." म्हणजे, मिस्त्रीले बोलाव न.

मी म्हणलं, "मिस्त्री तो इही आय." मिस्त्री तर हाच आहे.

तिनं फकिराकडे पाहिलं. स्वतःचा पदर भिजवून त्याच्या डोक्यावर ठेवला.

तेव्हा फकिरा डोळे मिटूनच बोलला, "देवीदास, दांडी दाब. बोल्ट कसू नको अजून."

मी दाबली. तुमाले सांगतो, ती दांडी माझ्या करंगळीएवढी आहे, पण चाळीसदा दाबल्यावर अंगठ्याची कातडी निघते. फकिरा ट्रॉलीच्या चाकावर बोटानं ठोकत होता, एक, एक, एक, म्हणजे मी थांबू नये म्हणून.

"बुडबुडे आहेत का?"

"आहेत."

"मंग दाब."

किती वेळ गेला माहीत नाही. डिझेल माझ्या कोपरापर्यंत आलं होतं. मग फेस गेला, बुडबुडे गेले, आणि सुतासारखी साफ धार आली. मी सांगितलं. तो म्हणे, धार चालू असतानाच कस, बंद झाल्यावर नको. आणि जास्त नको कसू. ते "जास्त नको" त्या हालतीतही त्यानं दोनदा म्हणलं. मी दहाच्या पान्यानं बोल्ट कसला, चमच्यानं साखर हलवावी तेवढ्याच जोरानं. फिल्टरवरून हात काढायची हिंमत होईना, म्हणून सुनिताबाई सीटवर चढली. जन्मात कधी ट्रॅक्टरवर न बसलेली बाई. लुगडं खोचलं आणि मी सांगितली तशी चावी फिरवली. पहिल्यानं काहीच नाही. दुसऱ्यानं खोकलला. तिसऱ्यानं चालू झाला. फकिरा कान देऊन ऐकून राहिला होता. म्हणे, "बरोबर आहे." इंजिनाबद्दल.

आमी त्याले ट्रॉलीत रिकाम्या बोऱ्यांवर झोपवलं. सुनिताबाई डोकं मांडीवर घेऊन बसली. मी चालवला. आजवर मी तो ट्रॅक्टर फक्त सरळ वावरात चालवला होता, वळणं फकिराची असत. पण बांधावरून नेला, एकदाही अडला नाही. मी मागं वळून दोनदा पाहिलं. एकदा सडकेजवळ आलो तेव्हा फकिराकडे. आणि त्याच्या आधी एकदा, फिल्टरकडे. (बाई, हे लिहायले लाज वाटते, पण खरं आहे. फिल्टर कोरडा होता.)

सडकेवर गाडी उभी होती. त्यायनं त्याले झटपट घेतलं, तोंडाले नळी लावली. मी खटका ओढून ट्रॅक्टर बंद करायले वळलो, तर फकिरानं नळी बाजूले केली आणि म्हणे, "बंद नको करू. दोन मिनिटं चालू दे." राहिलेली हवा निघून जावी म्हणून. बाई, हेच त्याचं शेवटचं बोलणं. तुमी विचारलं होतं की त्यानं माझं नाव काढलं का. नाही काढलं. कोणाचंच काढलं नाही. मी तुमच्याशी खोटं बोलू शकलो असतो, पण तुमी त्याले ओळखता, तुमाले ते पटलं नसतं.

मी त्याच्यासोबत गाडीत बसलो. दुर्ग यायच्या आधीच तो गेला. गाडीतल्या पोरीनं (रीना नाव होतं तिचं, बिल्ल्यावर वाचलं) दवाखान्याच्या दारापर्यंत छाती दाबणं सोडलं नाही. आत डॉक्टरनं पाहिलं आणि पेन काढला.

ट्रॅक्टर तसाच सडकेवर चालू राहिला होता. सुनिताबाई त्याच्यापाशी थांबली, आणि आमचा ट्रॅक्टर चावी फिरवून बंद होत नाही, खालचा खटका ओढावा लागते, हे तिले सांगायले कोणी नव्हतं. तिनं चावी काढून कमरेले खोचली तरी तो चालूच. म्हणून ती बसली. संध्याकाळपर्यंत, डिझेल संपून तो स्वतःहून बंद पडेपर्यंत, ती बाई सडकेच्या कडेले त्याच्याजवळ बसून होती. जाणारे-येणारे विचारत, काय झालं? ती सांगे, मिस्त्री ला अस्पताल ले गे हें, आवत होही. म्हणजे, येतच असंन.

पुढचं तुमाले थोडंफार माहीत आहे. फकिराचा प्रवीण हैदराबादहून सकाळच्या गाडीनं आला. तो आतापर्यंत पोरगाच वाटे मले, त्या दिवशी बापासारखा दिसला. त्यानं सगळं नीट केलं. रविवारी कॅम्प-१ च्या विहारात शोकसभा झाली. अरुणकुमार भाऊ बोलले. म्हणे, देवीदास भाऊनं भर उन्हात हातानं पंप मारून ट्रॅक्टर चालू केला, मित्रासाठी अंगठ्याची सालं काढली, समाजात अशी दोस्ती आता राहिली नाही. लोक माझा अंगठा पाहून राहिले होते. मी तो मुठीत घेतला, तर त्यायले वाटलं मी रडू दाबून राहिलो. प्रवीणनं मले सगळ्यांसमोर मिठी मारली, म्हणे, काका, तुमी होते म्हणून बाबा एकटे गेले नाहीत.

असं झालं, बाई. पत्र लांबलं. तुमी दुपारच्या उन्हात पोस्टात, बँकेत कुठं जाऊ नका, पायलले पाठवा. डोळ्यात औषध टाकत जा.

तुमच्या भावासोबत ज्याले तुमी आजवर मोजत आले, तो
देवीदास

ता. क. एक काम होतं, त्यासाठीच खरं तर कागद घेतला होता. प्रवीण म्हणून राहिला की ट्रॅक्टरातला बाबाचा अर्धा हिस्सा आणि हत्यारांची थैली काकाले राहू द्या. तो माझं ऐकत नाही, पण आत्याचं ऐकते. तुमी त्याले सांगा की देवीदासले दोन्ही नको. ट्रॅक्टर सुनिताबाईले देऊन टाका, तिले आता चावी आणि खटका दोन्ही समजते. कारण विचारलं तर म्हणा, देवीदासले वळणं घेता येत नाहीत.

ता. क. दुसरा. पायल, हे फक्त तुझ्यासाठी, आजीले वाचू नको. मी वर लिहिलं की फकिराले फोन केला आणि तो आला. एक फोन नाही केला, तीन केले. पहिला साडेनऊले. तो म्हणे, रातीपासून छातीत जळजळ आहे, उन्हं उतरल्यावर येतो. मी म्हणलं, ओवा खा. दुसरा साडेदहाले. तो म्हणे, डॉक्टरले दाखवून येतो म्हणतो. मी म्हणलं, जाता जाता येऊन जा. वावर डॉक्टरच्या वाटेवर नाही. तिसऱ्या फोनवर मी म्हणलं की रेल्वेवाल्यायले हिरवी झंडी दाखवल्याबिगर हलताच येत नाही. तो हसला आणि निघाला. आणि एवढी घाई मले कशाची होती? सुनिताबाई बांधावरून माझी धार पाहून हसून गेली होती. ती जेवून परत यायच्या आत मले ट्रॅक्टर चालू पाहिजे होता. बस, एवढीच. प्रवीणनं बाबाच्या मोबाइलवर माझे तीन फोन पाहिले. त्यानं वेळ नाही पाहिली. त्याले वाटलं, अटॅक आल्यावर मी घाबरून इकडं तिकडं फोन लावत होतो, त्यात बाबालेही लागले असतीन. तो म्हणे, काका, किती धावपळ केली तुमी. मी हाव म्हणलं.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवलं होतं, रुक्मानं फाडलं आणि सगळं वाचलं. दहा दिवसांत तिनं मले कावून झोपत नाही म्हणून एकदाही विचारलं नव्हतं. वाचून झाल्यावर म्हणे, हे त्या लेकराच्या गळ्यात कावून बांधून राहिले? तिनं आजीपासून काय काय लपवत बसावं? प्रवीणले मी स्वतः सांगीन, त्याले मी पुढच्या रविवारी फोन करतो, असं तिच्यासमोर कबूल केलं आहे. तर पायल, दुसरा ता. क. आजीले वाचून दाखव. हळू वाच, मधात गाळू नको. वाचून झाल्यावर ती जे म्हणंल ते जसंच्या तसं लिहून पाठव. शिवी दिली तर शिवी लिही. काही नाही बोलली, तर काही नाही बोलली असं लिही. तुझ्या मनानं त्यात गोड काही टाकू नको.